बिनकोटाचे गृहस्थ

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मी एका पुतळ्याला कपडे घालायची नोकरी करते. आईला कोणी विचारलं की ती "संशोधनात आहे" असं सांगते आणि घाईघाईने विषय बदलते.

आमचा कारखाना कडाक्याच्या थंडीचे कपडे बनवतो. ध्रुवांकडे जाणारी जहाजं, बर्फावरचे तळ, पाठीमागे घसरगाडी ओढत आठवडेच्या आठवडे चालणारी हौशी मंडळी, अशा गिऱ्हाइकांसाठी कोट, विजारी, हातमोजे, टोप्या. शिवलेला कोट खरोखर किती थंडी अडवतो ते तपासायला तळमजल्यावर एक खोली आहे. तिला शीतघर म्हणतात. हातभर जाडीचं दार, तीन काचांची खिडकी आणि आत उणे तीस अंश. मधोमध पुतळा उभा असतो. त्याच्या कातडीखाली तारा आहेत. त्या विजेवर तापतात आणि त्याचं अंग माणसासारखं चौतीस अंशांवर ठेवतात. छाती, पाठ, दंड, कोपर, मांड्या, प्रत्येक भागाला वेगळी वीज आणि बाहेरच्या पडद्यावर वेगळा आकडा. कोट चांगला असेल तर वीज कमी लागते, भुक्कड असेल तर जास्त. शास्त्र एवढंच. बाकी सगळं बटणं लावणं.

या पुतळ्याला कारखान्यात सगळे जावईबापू म्हणतात. सारखे नवे कपडे, दिवसभर नुसतं उभं राहायचं, काम काही नाही, आणि जरा कुठे गार लागलं की लगेच बाहेर सगळ्यांची धावपळ.

शीतघराचा एकच कडक नियम आहे. आत एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. याला कारण नाक. नाक गोठायला लागलं की ते ज्याचं त्याला कळत नाही. आधी झोंबतं, मग झोंबायचं थांबतं, आणि माणसाला वाटतं, चला, सवय झाली. नेमकं तेव्हाच ते पांढरं पडलेलं असतं. आरसा काढावा तर श्वासाने त्याच्यावर बर्फ धरतं. म्हणून जोडीदाराने बघायचं. बर्फावर चालणारे लोक हेच करतात आणि आम्ही ते त्यांच्याकडून उचललं. दोन जाडजूड कोट समोरासमोर थांबतात. एक विचारतो, "नाक?" दुसरा म्हणतो, "लाल." दोघं पुन्हा कामाला लागतात. "पांढरं" असं उत्तर आलं तर हातमोजा काढून कोमट तळवा नाकावर ठेवायचा आणि मुकाट्याने बाहेर पडायचं.

माझे जोडीदार फुंकरकाका. खोली गार ठेवणारा कॉम्प्रेसर त्यांच्या ताब्यात असतो. चहा, फ्यूज, मीटरची काच, समोर येईल त्याच्यावर ते आधी फुंकर मारतात. एकदा बढतीच्या पत्रावरही मारली होती.

गडबड सुरू झाली ती जावईबापूंच्या डाव्या कोपरापासून.

एका कोटाच्या तपासणीत डाव्या कोपराला उजव्यापेक्षा कमी वीज लागली. शिवणीत फरक असेल म्हणून मी दुसरा कोट घातला. तेच. कोपरातली तार बदलली. तेच. मग जावईबापूंना जागच्या जागी फिरवून त्यांचं तोंड मागच्या भिंतीकडे केलं. आता डावं कोपर वठणीवर आलं आणि उजव्याला कमी वीज लागायला लागली. म्हणजे दोष कोटात नव्हता, पुतळ्यातही नव्हता. खोलीच्या त्या बाजूला, कोपराच्या उंचीवर, काहीतरी कोमट होतं.

मी तिथे हात फिरवून पाहिला. काही नव्हतं.

"जावईबापूंना कोणीतरी कोपरखळी मारतंय," फुंकरकाका म्हणाले.

"काका, कॉम्प्रेसरवर भार किती आहे?"

त्यांनी मीटरच्या काचेवर फुंकर मारली. "थोडा वाढलाय. आत शंभरेक वॅटचा दिवा विसरल्यासारखा."

आत दिवा विसरला नव्हता. शांत उभा असलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता बाहेर टाकतो, हे मला परीक्षेसाठी पाठ केल्यापासून माहीत आहे. मी ते काकांना सांगितलं नाही. अहवालात "डाव्या बाजूस किरकोळ विचलन, कारण अनिश्चित" असं लिहिलं. या वाक्याच्या आधाराने विज्ञानात बरीच माणसं सुखाने निवृत्त झाली आहेत.

याच सुमाराला माझ्या मामाने जाहीर केलं की तो दक्षिण ध्रुवाकडे निघाला आहे.

मामा आयुष्यभर काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहिला. अगदी नाकासमोर चालणारा माणूस. आणि आमच्या आजोळचं नाक असं की त्याच्यासमोर चालायचं म्हणजे बराच पल्ला. भट्टीच्या खोलीत त्याने जगाचा एक नकाशा लावला होता. घामाने डोळे चुरचुरायला लागले की तो त्या नकाशाच्या तळाचा पांढरा पट्टा बघायचा. "तिथे एक गाव नाही, एक रस्ता नाही," तो मला लहानपणी सांगायचा. "तिथे उभं राहिलं तर 'काय शोधताय?' असं विचारणारं कोणी भेटणार नाही." त्या पांढऱ्या पट्ट्यावर आजवर कोण कोण गेलं, कोणाचं जहाज बर्फात चेपलं, कोणी बूट उकडून खाल्ले, हे त्याला तोंडपाठ होतं. जे परत आले त्यांच्यापेक्षा जे परत आले नाहीत त्यांची माहिती जास्त.

"माणूस फार गोठला ना, की शेवटी शेवटी त्याला उकडायला लागतं," तो एकदा ताटावर बसून सांगत होता. "मग तो कोट काढून टाकतो. सापडतात तेव्हा कोट एकीकडे आणि माणूस एकीकडे."

"जेवताना नको," मामी म्हणाली.

"अगं, शास्त्र आहे ते. विचार हिला."

मामीने माझ्याकडे पाहिलं. शास्त्र खरं होतं. मी भाजी वाढून घेतली.

आता त्याने एका सफरीत नाव घातलं होतं. आधी जहाज, मग बर्फावर तंबू ठोकत, घसरगाडी ओढत काही दिवसांची चाल. पासष्टच्या पुढच्यांना ते नेत नाहीत, आणि मामाचं हे शेवटचं वर्ष होतं. अट एकच. उणे तीस अंशांत ठरावीक वेळ काम करून दाखवायचं, आणि 'थंडीत भ्रम झाल्याचं आढळलं नाही' या वाक्याखाली तपासणाऱ्याची सही हवी. गावात शीतघर आमचंच. तपासणारी मी.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मामीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"नापास कर त्यांना."

"मामी, असं कसं करता येईल?"

"का? शाळेत नव्हते का करत? घरचा फ्रीज पुसायला सांगितला तर शिंकत बसतात, आणि निघालेत बर्फात झोपायला." ती ओटा पुसत होती. पुसलेलाच ओटा. "मी नका जाऊ म्हटलं तर ते नाही जाणार. माहितीये मला. मग रोज संध्याकाळी भट्टीवरून घरी आणलेल्या त्या नकाशासमोर खुर्ची टाकून बसतील, आणि मी ते बघत बसायचं. म्हणून म्हणते, तू अडव. तुझा राग येईल तो दोन दिवसांत जाईल."

"मी आकडे बघणार. आकडे सांगतील तेच लिहिणार."

"मग आकड्यांना सांग," मामी म्हणाली.

चाचणीच्या सकाळी मामा नवीन लग्न ठरल्यासारखा आला. थरावर थर चढवून आम्ही त्याला कोटात बसवला. टोपी, तोंडावरची पट्टी, मोजे सगळं चढल्यावर त्याचं फक्त नाक बाहेर राहिलं. पट्टी आमच्या नेहमीच्या मापाची होती आणि नाक नव्हतं.

फुंकरकाका जोडीदार म्हणून त्याच्याबरोबर आत जाणार होते. पण तेव्हाच कॉम्प्रेसर खोकायला लागला आणि काकांना त्याच्यापाशी थांबावं लागलं. मला पडद्यासमोरून हलता येत नव्हतं. बाकी सगळे शिवणीच्या घाईत. सफरीवाल्यांना निकाल त्याच दिवशी हवा होता.

"जावईबापू आहेत की आत," काका म्हणाले.

हे वेडेपणाचं वाटेल, पण आमच्याकडे ही पद्धतच पडली होती. माणसं कमी असली की जोडीदार म्हणून जावईबापूंना धरायचं. अंग कोमट, कोट घातलेला, उभे तर असतात. खिडकीतून आपण लक्ष ठेवायचं, झालं. रोज त्यांच्या गळ्याशी बटणं लावली की माणसाला त्यांचा भरवसा वाटायला लागतो.

मामा आत गेला. दार बंद झालं.

त्याने छोटा तंबू उभा केला. दोऱ्यांच्या गाठी मारल्या. आतला माईक कायम चालू असतो, त्यातून मी ठरलेले प्रश्न विचारले. वार, महिना, लग्नाची तारीख. तारीख चुकली. पण ती मामाने उबदार घरातही कधी बरोबर सांगितलेली नाही, म्हणून गुण कापले नाहीत. हळूहळू खिडकीवर आतून बर्फ धरलं आणि मामा एका ठिपक्याएवढा झाला.

मग माईकवर त्याचा आवाज आला.

"नाक?"

आमचा नियम त्याने मनावर घेतला होता. तो पुतळ्याला नाक विचारतोय हे डोळ्यांसमोर आणून मला हसू आलं. मागे कॉम्प्रेसर खोकत होता.

"हो का?" मामा म्हणाला. "बरं झालं सांगितलंत."

काचेवर उरलेल्या मोकळ्या ठिपक्याला मी डोळा लावला. मामाने हातमोजा काढून तळवा नाकावर धरला होता.

बाहेर आल्यावर त्याने हात बाजूला केला. नाकाच्या शेंड्यावर नाण्याएवढा पांढरा ठिपका होता आणि त्याच्या कडेने नुकतं रक्त परतत होतं. वेळेवर हात ठेवला नसता तर शेंडा गेला असता.

"मामा, तुला कळलं कसं?"

"मला कुठे कळलं? त्यांनी सांगितलं."

"कोणी?"

"तुझ्या जावईबापूंनी."

फुंकरकाका मोठ्याने हसले. मीही हसले. मामाला आमच्या हसण्याचं कारण कळेना.

"म्हणजे ते कोटवाले नव्हे," तो टोपी काढत म्हणाला. "ते कोटवाले शिष्ट आहेत, तोंडातून शब्द नाही. त्यांच्या डावीकडे उभे होते ते. बिनकोटाचे. चांगले बोलके गृहस्थ आहेत. पण त्यांना एक कोट का नाही देत तुम्ही?"

काकांनी चहाच्या कपावर फुंकर मारली. कप रिकामा होता.

मी मामाचं तापमान घेतलं. व्यवस्थित. नाडी व्यवस्थित. शंभरातून सात सात वजा करायला लावले. त्याने ते माझ्यापेक्षा वेगाने केले. आकड्यांप्रमाणे तो पास होता. पण थंडीत नसलेला माणूस दिसणं याला वैद्यकात भ्रमच म्हणतात, आणि माझी सही नेमकी त्याच वाक्याखाली हवी होती. मामीचं काम आपोआप झालं होतं. मला फक्त जे घडलं ते लिहायचं होतं.

मामा माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होता. सगळ्या थरांतून बाहेर निघाल्यावर तो एकदम लहान दिसत होता.

"मी काहीतरी चुकीचं बोललो का गं?" त्याने विचारलं.

"पुन्हा एकदा घेऊ चाचणी," मी म्हटलं. "जरा ऊब घे. या वेळी मी येते तुझ्याबरोबर."

दुपारी कॉम्प्रेसर शुद्धीवर आला. काका पडद्यासमोर बसले. मी आणि मामा आत गेलो.

उणे तीसची थंडी आधी नाकपुड्यांत कळते. आतले केस ताठ होतात. श्वास सोडला की तो कानाजवळ चुरचुरतो. बर्फावर पाऊल पडलं की करकर वाजतं, तसं आतल्या जमिनीवर साचलेल्या हिमकणांच्या भुग्यावर वाजतं. जावईबापू मधोमध उभे होते. त्यांच्या डावीकडे रिकामी जमीन, मागे पांढरी भिंत. मी मुद्दाम नीट बघितलं. कोपऱ्यात, पंख्यामागे, दाराआड.

"कुठेयत तुझे गृहस्थ?"

"आत्ता नाहीयेत," मामा म्हणाला. "येतील. माणूस नेहमी थोडाच एका जागी उभा राहतो."

तो तंबूशी बसला. मी त्याच्यासमोर उभी राहिले, जावईबापूंकडे पाठ करून. मामाच्या नाकावर या वेळी आम्ही रुंद पट्टी लावली होती. गाठी बसवायला त्याने ती खाली ओढली, दोरीचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं दोन्ही हातांनी खेचायला लागला. मी त्याच्या हातांकडे बघत होते. गाठ चांगली बसत होती. मला बरं वाटत होतं. नाक झोंबायचं थांबलं होतं.

सवयीने मी विचारलं, "नाक?"

"पांढरं."

आवाज माझ्या मागून आला.

मामाने मान वर केली नव्हती. दोरी अजून त्याच्या दातांत होती.

मी वळले नाही. मी हातमोजा काढला आणि तळवा नाकावर ठेवला.

तळव्याला नाक लागलं. नाकाला तळवा लागला नाही.

मामाने गाठ पूर्ण केली, दातांतली दोरी सोडली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत आनंदाने मान हलवली, बसस्टॉपवर ओळखीचं कोणी दिसल्यावर हलवावी तशी.

"आले बघ," तो म्हणाला.

आम्ही बाहेर पडलो. फुंकरकाकांनी माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली. "शेंडा पांढरा पडलाय, मॅडम. बरं झालं मामांनी सांगितलं."

"तुम्ही ऐकलंत?"

"माईकवर आलं की. तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं."

"मी कुठे?" मामा म्हणाला. "माझ्या तोंडात दोरी होती."

पडद्यावर डाव्या कोपराचा आकडा खाली होता, नेहमीसारखा.

मी सही केली. विचार करून केली. भ्रम असेल तर तो दोन माणसांना झाला आणि माईकलाही झाला. शिवाय प्रत्येक वेळी तो खरा निघाला. जे खरं निघतं त्याला भ्रम म्हणायला माझं शिक्षण तयार होईना. आणि मामीच्या बाजूने लिहायचं तर भ्रम मलाही झाला असं लिहून नोकरी सोडून घरी बसावं लागलं असतं.

मामीला सांगितलं. तिने पलंगाखालची पेटी ओढली आणि तिच्यातून एक मफलर काढला. लांबलचक, नाकाला तीनदा वेढा बसेल असा, पूर्ण विणून झालेला.

"केव्हा विणलास हा?"

"तू पास करणार हे काय माहीत नव्हतं मला?" मामी म्हणाली. "नाकाचा रंग कोण बघणार तिथे त्यांचा?"

मला जे उत्तर सुचलं ते मी तिला दिलं नाही.

निघायच्या दिवशी मामा कोट घ्यायला कारखान्यात आला. जाताना शीतघराच्या खिडकीशी थांबला, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "चला." शेजाऱ्याला फिरायला जाताना हाक मारावी तसं. मग पिशव्या उचलून गेला.

त्या दुपारपासून जावईबापूंचं डावं कोपर उजव्यासारखं झालं. कॉम्प्रेसरवरचा जास्तीचा भार गेला. फुंकरकाकांनी मीटरवर दोनदा फुंकर मारून खात्री केली. मी अहवालात "विचलन दूर झाले" असं लिहिलं. कारणाचा रकाना मोकळा सोडला.

बर्फावरून एकदा मामाचा फोन आला. उपग्रहावरून बोलायचं म्हणजे आपलं वाक्य जाऊन पोचेपर्यंत समोरचा दुसरंच काही बोलायला लागतो. पण मामी आणि मामा तसंही आयुष्यभर असंच बोलत आले आहेत, त्यांना अडचण झाली नाही.

"मफलर?" मामीने विचारलं.

"क्षितिजापर्यंत काही नाही गं," मामा म्हणाला. "म्हणजे अगदी पाहिजे होतं तेच."

"मफलर बांधता का?"

"बांधतो. सगळ्यांची नाकं सोलून निघालीत, माझं तेवढं शाबूत आहे."

मी फोन घेतला. "मामा, तुझा जोडीदार कोण आहे?"

बराच वेळ नुसती खरखर. मग त्याचा आवाज आला. "आमची संख्या विषम झाली. सफरीचा म्होरक्या म्हणाला, तुम्हाला तिसरा म्हणून एका जोडीत घालतो. म्हटलं, राहू द्या, माझं जमलंय."

तो परत आला तेव्हा उन्हाने काळाठिक्कर पडला होता, डोळ्यांभोवती चष्म्याचे गोरे वेढे, आणि मधोमध ते नाक, जसं गेलं तसं. मामीने दारातच दोन बोटांनी ते चाचपून पाहिलं. मग पाणी तापवायला आत गेली आणि पाणी तापून गेलं तरी बाहेर आली नाही.

जेवताना मामा बोलत राहिला. बर्फाचा निळा रंग. तंबूवर रेती पडावी तसा वाजणारा वारा. कितीही चाललं तरी जवळ न येणारा डोंगर. आयुष्यात इतकं सलग बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं. मामी त्याच्याकडे बघत वाढत होती आणि त्याच्या ताटात तिसऱ्यांदा भात पडला होता.

"आणि ते गृहस्थ?" मी हळूच विचारलं. "तिकडेच राहिले?"

"नाही, आले परत. त्यांना तिथली थंडी सोसेना." मामा पाणी प्यायला. "आणि ते एकटे नाहीत गं. तिथे बरेच आहेत तसले. संध्याकाळी चाल थांबली की लांब उभे दिसायचे. सगळ्यांनी कोट काढून टाकलेले. केव्हापासूनचे उभे आहेत कोण जाणे. मी म्हटलं, इथे असं कुडकुडत राहण्यापेक्षा चला, आमची भाची कोटवाल्यांकडे असते."

मामीचा हात थांबला. "इथे घरी नाही ना बोलावलंत कोणाला?"

"छे," मामा म्हणाला. "इथे उकडेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले तेव्हा फुंकरकाका चहाचा कप घेऊन कॉम्प्रेसरशी उभे होते. यंत्र धापा टाकत होतं.

"रात्रभर असंच चाललंय," ते म्हणाले. "दार बंद, दिवे बंद, आत कोणी नाही. पण खोली गार राहीना. हॉलमध्ये लग्नाचं वऱ्हाड कोंबल्यावर कसं होतं, तसं."

मी पडदा सुरू केला. जावईबापूंचं डावं कोपर खाली होतं. उजवं कोपरही खाली होतं. छाती, पाठ, दोन्ही दंड, मांड्या, सगळे आकडे जवळजवळ शून्यावर. उणे तीसच्या खोलीत जावईबापूंना विजेची गरजच उरली नव्हती. त्यांना चारी बाजूंनी ऊब मिळत होती.

मी कॉम्प्रेसरवरचा जास्तीचा भार वाचला. त्याला शंभरने भागलं. उत्तर पूर्णांकात आलं. प्रयोगात कधीच काही पूर्णांकात येत नाही.

तेवढ्यात कॉम्प्रेसर धडधडला आणि बंद पडला. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा तळमजल्यावर पूर्ण शांतता झाली.

खिडकीवर आतून जाड बर्फ होतं. काही दिसत नव्हतं.

मी माईकचं बटण दाबलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सवयीने एकच शब्द तोंडून गेला.

"नाक?"

"पांढरं," ओळखीचा आवाज म्हणाला.

काकांनी कप तोंडाशी नेला होता. त्यांनी फुंकर मारली नाही.

"पांढरं," त्याच्या शेजारून दुसरा आवाज आला. मग तिसरा. मग आणखी मागून. कोणी घाई करत नव्हतं. एकाचं झाल्यावरच दुसरा बोलत होता, दाराशी रांगेत उभी असलेली शहाणी माणसं बोलतात तसा.

मी मोजत राहिले.

भागाकार बरोबर होता.